पिशवीतली माती

नांदेड, १४ मे २००४

अण्णाराव यास सरदार बागवानचा सलाम.

तुझा गुडघा कसा हाय? होस्टेलचे तीन मजले अजून दिवसातून चारदा चढतोस का? सिंधुचं ब्लडप्रेशर? तिला म्हणावं लोणच्याचा खार चाटायचा बंद कर. तुझ्या पुनमचा बारावीचा निकाल लागेपर्यंत तिला कुणी मार्कांचं विचारू नका, पोरगी आधीच वाळलेली असंल. आमच्याकडं बानोचा खोकला उन्हानं दबला. पोरगा यासेर झाडांची नर्सरी बघतो, पण त्याचा जीव मोबाईलच्या दुकानात. नात तूबा पहिलीत गेली आणि मला अक्षर सुधारा म्हणते. माझे कान मात्र गेले. म्हणून फोन करू नकोस. तू तिकडून बोलतोस आणि मी इकडं नुसता हां हां करत बसतो. कागदावरचं मला नीट ऐकू येतं.

तू पाठवलेला झाडांच्या चित्रांचा रंगीत कागद मिळाला. होस्टेलच्या अंगणात लावायला बारा झाडांवर पेनानं खुणा केल्यास. खरं सांगू, बघून डोकं फिरलं. लातूरला नळ आठवड्यानं येतो आणि तू हिरवळ लावणार? ती म्हशीसारखं पाणी पिते आणि दूध काही देत न्हाई. ते पाम, ते रंगीत पानांचं झुडूप, ही सगळी जिथं दुपारी भुरभुर पाऊस पडतो तिथली. तुझ्याकडं दुपारी काय पडतं ते तुला माहीत.

मी चौथी शिकलोय. पुढचं झाडांनी शिकवलं. त्यात पहिलं हे शिकलो की झाड आधी निवडायचं नसतं, आधी अंगण बघायचं असतं. तर मला एवढं लिहून पाठव. तीन वाजताचं ऊन कुठं पडतं. वारा कुठून घुसतो. बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरं धरतं का. मांडीइतका खोल एक खड्डा खण, पाणी भरून एकदा जिरू दे, मग परत भर आणि घड्याळ लावून बस. किती वेळात जातं ते लिही. आणि अंगणात तीन ठिकाणची, हातभर खालची माती एका पिशवीत घालून पाठव. वरवरची नको.

नाडी न बघता गोळी देणारा मी न्हाई. उत्तर लवकर लिही, पाऊस तोंडावर आलाय.

तुझा,
सरदार

---

लातूर, ३ जून २००४

सरदारभाई, नमस्कार.

गुडघा हाय तसाच. सिंधु खार चाटते आणि नाही म्हणते. पुनम जेवते कमी, खिडकीत उभी राहते जास्त. भाभींना खोकल्याला ज्येष्ठमध द्या.

तुम्ही एवढी उलटतपासणी घेतली की पुनमच्या क्लासचे सर बरे. लिहितो. तीनचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर, नुसतं भाजतं. वाराही तिकडूनच. बोअर साडेतीनशे फूट, पाण्यानं पातेलं पांढरं होतं. खड्डा केला, पाणी भरलं, अर्ध्या तासात गेलं. मातीची पिशवी सोबत पाठवतो. बघूनच खूष व्हाल, कोळशासारखी काळी हाय.

भाई, हे निव्वळ हौसेचं काम न्हाई. साठ पोरी राहतात माझ्याकडं, चाकूर, जळकोटपासून तुमच्या बिलोलीपर्यंतच्या. आईबाप ॲडमिशनला आले की खोल्या नंतर बघतात, आधी अंगण बघतात. शेजारच्या विरूपाक्षनं पाम लावले तर लोक त्याच्या फाटकापाशी थांबून राहिले. सिंधु वेगळंच बोलते. म्हणते पोरी वर्षभर पुस्तकात डोकं घालून बसतात, मान वर केली तर काहीतरी हिरवं दिसावं. दोघांचंही साधलं पाहिजे.

आणि एक. आम्हा होस्टेलवाल्यांचं मंडळ हाय. माझं अंगण जमलं तर चौदा जण तुमच्याकडूनच झाडं घेणार म्हणतात. तेवढं मनावर घ्या.

आपला,
अण्णाराव

---

नांदेड, २१ जून २००४

अण्णाराव,

माती मिळाली. भिजवून तळहातावर वळली तर सुतळीसारखी लांब झाली, तुटली न्हाई. वासही ओळखीचा आला, कुठला ते आठवलं न्हाई. तुझ्या नशिबाला भर शहरात अशी माती लागली.

एक गोष्ट मात्र डोक्यात बसत न्हाई. अशा काळ्या मातीत पाणी दिवसभर थांबतं, अर्ध्या तासात जात न्हाई. तू घड्याळ नीट बघितलं नसशील, तुझी घाई मला माहीत हाय. म्हणून सोडून दिलं.

टेम्पोनं बावन्न रोपं पाठवली. पश्चिमेच्या भिंतीला जांभूळ, तीन रोपं. काळ्या मातीत चार वर्षांत छत करतील आणि तीनचं ऊन अडवतील. खिडक्यांखाली अनंत आणि मोगरा, पोरींना वासानं बरं वाटंल. स्वयंपाकघराच्या बाजूला कागदी लिंबू आणि कडीपत्ता. कुंपणाला जास्वंद. खड्डे मांडीइतके खोल घे. हिरवळ न्हाई, पाम न्हाई, आणि त्यासाठी रडू नकोस.

पाऊस चालू असेपर्यंत बोअरचं पाणी घालू नकोस. नवी पानं आली की लिही. वाट बघतो.

सरदार

---

लातूर, १८ ऑक्टोबर २००४

सरदार बागवान यांस,

चार महिने थांबलो. आता लिहितो.

जांभूळ दोन वाळले, तिसऱ्याच्या शेंड्याला चारच पानं उरलीत. लिंबाची नवी पानं पिवळीधमक, फक्त शिरा हिरव्या. अनंताचं तर विचारूच नका, कावीळ झालेल्या पोरासारखा उभा हाय. जास्वंदाला कळी येते आणि गळून जाते. पाणी घातलं, शेणखत घातलं, शेणखतावर अजून खत घातलं. बावन्नातली एकोणीस उरली, तीही हिरवी न्हाईत.

बिलोलीचे एक गृहस्थ मुलीला भेटायला आले. अंगणात उभं राहून म्हणाले, "अण्णाराव, झाडं जगवता येत न्हाईत तर पोरी काय सांभाळता?" विरूपाक्ष कुंपणापलीकडं उभा होता. त्याला हसू आवरंना, पाम पुसायला लागला.

मंडळाच्या बैठकीत मला विचारलं. मी जे खरं वाटलं ते सांगितलं. सरदार बागवाननं ओळखीचा फायदा घेतला, मुळं सडलेला माल हिरवा दिसतोय तोवर टेम्पोत भरून दिला. चारचौघांत बोललो. ते मागं घेणार न्हाई.

तुम्हाला मी घरातलं माणूस समजत होतो.

अण्णाराव

---

नांदेड, २७ ऑक्टोबर २००४

श्री. अण्णारावजी यांस,

तुम्ही 'बागवान यांस' लिहिलं म्हणून मीही जी लावतो. खुशाली विचारत न्हाई, तुम्हीही विचारली न्हाई.

रोज्याचे दिवस हायत. बानो म्हणाली, ईद होऊ द्या, मग लिहा. मी म्हणालो, तोवर रागानंच पोट भरलेलं राहील, तो रोजा कसला.

तुमच्या मंडळातल्या अकरा जणांचा निरोप आला, झाडं नकोत म्हणून. एकानं तर विचारलं, पानांना रंग कुठला लावता. यासेर तो निरोप वाचून मला म्हणाला, "अब्बा, आता तरी शटर ओढू या." छत्तीस वर्षं झाडं विकतो. कुणाचं मेलं तर दुसरं दिलं, कुणामुळं मेलं ते विचारलं न्हाई. पण बेइमान हा शब्द माझ्या अंगणात कुणी आणला नव्हता. तुम्ही आणला. तोही माघारी, जिथं मी उत्तर देऊ शकत न्हाई.

आता माझं ऐका. नवी पानं आधी पिवळी, शिरा हिरव्या, हे तुम्हीच लिहिलंय. सडलेल्या मुळाचं झाड असं पिवळं होत न्हाई, ते लोळतं. हे जमिनीत चुना असल्याचं दुखणं हाय. ताटात जेवण असून झाडाचं तोंड बांधलेलं असतं. तुमच्या शेणखतानं ते सुटणार न्हाई.

तुमच्या मातीतली मूठभर मी ठेवली होती. काल तिच्यावर लिंबू पिळून बघितलं. चुना असता तर फसफसली असती. एक बुडबुडा आला न्हाई. मग अंगणात चुना आला कुठून? आणि काळ्या मातीत पाणी अर्ध्या तासात गेलं कुठं?

मला बाकी काही नको. एका ओळीचं उत्तर द्या. पिशवीतली माती कुठली?

अकरा वर्षांपूर्वी भूकंपात तुमच्या गावात दानम्माला बाहेर काढताना पहारीचं एक टोक तुझ्या हातात होतं, एक माझ्या. तुझ्या आईवरची ती भिंत हलेपर्यंत दोघांनी पहार सोडली नव्हती. हे लिहिणार नव्हतो. लिहून गेलं.

उत्तर न आलं तर मी स्वतः पहार घेऊन लातूरला येतो आणि तुमचं अंगण खणून बघतो.

सरदार बागवान

---

लातूर, ५ नोव्हेंबर २००४

बागवान यांस,

येऊ नका. माझ्या अंगणात कुणी पहार घालायची न्हाई.

उरलेली झाडं उपटतोय. दिवाळी झाली की बावीस तारखेला सोमवारी फरशीवाला येतोय. फाटकापासून भिंतीपर्यंत सगळं सिमेंट करून वर फरशी. झाडाची भानगडच नको.

उत्तराची वाट बघू नका.

अण्णाराव

---

लातूर, ९ नोव्हेंबर २००४

सरदारभाऊंना सिंधुचा नमस्कार.

भाभींची तब्येत कशी हाय, तूबा शाळेत रमली का, यासेरचं कसं चाललंय, हे आधी विचारते. आमच्या घरात सध्या कुणी कुणाचं विचारत न्हाई. पुनम नापास झाली न्हाई पण मनासारखे मार्क पडले न्हाईत, परत क्लास लावलाय. ह्यांचं जेवण उतरलंय. मी हे पत्र ह्यांना न सांगता लिहून राहिले.

मला तुम्हा दोघांचा राग आलाय. ह्यांचा का ते सांगते, तुमचा का ते शेवटी.

पिशवीतली माती आपल्या गावच्या शेतातली होती. अंगणातली न्हाई.

ही होस्टेलची जागा घेतली तेव्हा खड्ड्यात होती, पावसात गुडघाभर पाणी साचायचं. भर टाकायला सगळे खाणीतला मुरूम आणतात. ह्यांनी न्हाई आणला. गाव उठून नव्या जागी गेलं तरी जुन्या गावात आपलं पडलेलं घर तसंच ढिगारा होऊन होतं. लोक त्यातले दगड ट्रॅक्टरनं नेत होते, कंपाउंडला, गोठ्याला. हे एक दिवस बघून आले आणि म्हणाले, "आईवर पडलेली भिंत परक्याच्या गोठ्याला लागू देणार न्हाई." सतरा ट्रॅक्टर भरून दगड आणि भिंतीतली सगळी पांढरी माती इथं आणली, पुरली, वर वीतभर काळी पसरली. कुणाला सांगितलं न्हाई. मलाही शपथ घातली. आईबापांना कळलं की भूकंपात माणूस गेलेल्या घरावर पोरी झोपतात, तर उद्या साठातल्या सहा राहतील.

तुम्ही खड्डा खणा म्हणालात. ह्यांनी कोपऱ्यात नालीपाशी कुदळ मारली. मांडीइतकं खोल गेल्यावर एक दगड वर आला, एका बाजूनं धुरानं काळा. चुलीमागच्या भिंतीचा. सासूबाई तिथंच बसायच्या. ह्यांनी दगड परत ठेवला, वर बादलीभर पाणी ओतलं, आत गेलेलं बघितलं आणि खड्डा बुजवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं शेतात जाऊन पिशवी भरून आणली. मी म्हणलं, ही कशाला? तर म्हणाले, "भाईनं माती मागितली, तर घरची चांगली पाठवायची. भंगलेली काय दाखवायची?" जणू सोयरीक जमवून राहिले होते. आणि रोपं आली तेव्हा मजुराला वीतभराच्या खाली खणू दिलं न्हाई.

तुमच्यावर ते खोटं बोलले. ते खोटं त्यांना खाऊन राहिलंय, म्हणून जास्त ओरडतात. मी सांगितलं, बैठकीत जाऊन नीट बोला. ताट सरकवून उठले.

आता तुमचा राग का ते. घड्याळ चुकलं असंल म्हणून तुम्ही सोडून दिलंत. तुम्हाला शंका आली होती. तुम्ही यायला पाहिजे होतं. तुम्ही आला असता तर ते तुम्हाला खोटं बोलले नसते.

बावीसला फरशी बसली की सासूबाईंच्या घरावर सिमेंट पडंल. मी रोज पहाटे तिथं सडा घालते, रांगोळी काढते. त्यांच्या उंबऱ्यासमोर काढल्यासारखी. सिमेंटवर माझ्यानं निघणार न्हाई. त्या मातीत काय जगतं ते सांगा. मला नका लिहू, ह्यांना लिहा. लवकर लिहा भाऊ, तेरा दिवस हायत.

सिंधु

---

नांदेड, १६ नोव्हेंबर २००४

अण्णाराव,

काल ईद झाली. बानोनं शिरखुर्म्याची वाटी समोर ठेवली आणि मी ती गार करून टाकली. तुझ्यामुळं.

मला कळलंय. कुणाकडून ते तुला कळेल. तिच्यावर आवाज चढवलास तर माझ्याशी गाठ हाय, आणि पहार अजून माझ्याचकडं हाय.

मला राग कशाचा आलाय ते नीट ऐक. माती बदललीस त्याचा कमी. तुला वाटलं दानम्माच्या घराची माती मी भंगलेली म्हणेन, याचा जास्त. वीस वर्षं मी तुझ्या गावाला सीताफळाचा माल उचलायला यायचो. उन्हातून आलो की तुझी आई ओसरीवर बसवायची, आधी पाणी, मग ताक, मग भाव. "सरदार, तू लई चापलूस हायस, पण फळाला हात हळू लावतोस," म्हणायची. त्या घराची पांढरी माती मी वीस वर्षं पायानं तुडवलीय. तुझ्या शेताच्या मातीचा वास मला ओळखीचा आला होता, तरी मी आठवून बघितलं न्हाई. आणि पाण्याचा हिशोब जुळत न्हाई हे दिसत असून पुढं गेलो. सत्तरीला आलो म्हणून एसटीचा कंटाळा केला. नाडी न बघता गोळी देत न्हाई असं तुला ऐटीत लिहिलं आणि तेच केलं. जांभूळ, लिंबू, अनंत, तिन्हींचा कसूर निम्मा माझा. तो मी कबूल करतो. बेइमानीचा न्हाई करत.

आता तुझं अंगण. खाली दगड, पोकळी, पाणी थांबत न्हाई. पांढऱ्या मातीत चुना भरपूर. वर बोअरचं जड पाणी, त्यातही चुनाच. पश्चिमेचं ऊन. अशा जागेला काय लावायचं म्हणून मी दोन दिवस वह्या उलटत बसलो. मग स्वतःच्याच थोबाडीत मारावी वाटलं. त्याच मातीत तुझ्या आईनं काय लावलं होतं? परसात सीताफळ. दारात पांढरा चाफा, लिंगाच्या पूजेला रोज पाच फुलं तोडायची. गल्लीच्या बाजूला कण्हेर. कधी खत घातलं न्हाई, धुण्याभांड्याचं पाणी जायचं तेवढंच. दगडात, पांढरीत, उन्हात. तुझ्या अंगणात काय येईल याचं उत्तर तुझी आई लिहून ठेवून गेली, आणि आपण दोघं रंगीत कागदावर आणि पिशवीवर भांडलो.

जुन्या गावात जा. मी मागच्या साली तिथून गेलो होतो. वेड्या बाभळी माजल्यात, पण चाफा उभा हाय, अर्धा आडवा होऊन. हाताएवढी फांदी तोड, आठ दिवस सावलीत ठेव, चीक वाळू दे. ओली लावलीस तर सडंल. सीताफळाचा हंगाम चालू हाय, झाडावरचं फळ सिंधुला खाऊ घाल, बी ठेव. रोप आता उपटू नकोस, ते पावसात. जांभळाच्या जागी कडुनिंब, तो मी देतो. दगड काढू नकोस. जिथं हायत तिथं राहू दे, मुळं वाट काढतील. कण्हेर मात्र कुंपणाबाहेर लाव आणि पोरींना सांग, ती विषारी असते.

फरशी टाकायची तर टाक. मग दानम्माच्या घरावर पाणी मुरायचं बंद होईल, एवढंच.

आणि एक राहिलं, ते मी सोडणार न्हाई. चारचौघांत बोललास, चारचौघांतच मागं घे. पिशवी कुठली होती ते सांग. भर कशाची हाय ते सांगायचं का न्हाई, ते तुझं तू बघ. तिथं माझं काम न्हाई.

ते झाल्यावर लिही. त्याआधी लिहू नकोस.

सरदार

---

लातूर, ५ डिसेंबर २००४

सरदारभाई,

भाभींचा खोकला कसा हाय? थंडीत वाढतो त्यांना. यासेर, तूबा? तुमचे कान?

तुमच्या पत्रावर तीन दिवस चिडलो. सिंधुवर आवाज चढवला न्हाई, पण बोललोही न्हाई. ती म्हणाली, बोलू नका, फक्त फरशीवाल्याला येऊ नको म्हणून फोन करा. केला.

परवा मंडळाची बैठक झाली. उभा राहिलो. म्हणालो, सरदारभाईला मी खोटी माती पाठवली, झाडं माझ्यामुळं मेली. विरूपाक्षनं विचारलं, "खोटी का पाठवली?" मला सांगायचं नव्हतं. सांगितलं. सगळं. विरूपाक्ष म्हणाला, "माझी आत्या पण त्याच रात्री गेली." इतकी वर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हतं. नऊ जणांनी तुमचा पत्ता लिहून घेतला. प्रत्येकाला मी सांगितलंय, माती स्वतःच्याच अंगणातली पाठवा.

दोन पोरींचे आईबाप त्यांना घेऊन गेले. अजून जातील का, माहीत न्हाई. राग येतो, पण कुणावर करायचा ते कळत न्हाई. तुमच्यावर करायची सवय लागली होती.

चाफ्याची फांदी आणली. जिन्याखाली सावलीत ठेवलीय. पोरी येताजाता विचारतात, "काका, हे वाळलेलं लाकूड कशाला?" पुनम त्यांना सांगते. आजीचं म्हणून सांगते.

काल खड्डा खणला. मजूर लावला न्हाई, गुडघा दुखला तरी मीच खणला. तोच नालीजवळचा. काळा दगड लागला, त्याला बाजूला न करता त्याच्याभोवतीच खणलं. पाणी भरलं, जिरू दिलं, परत भरलं. घड्याळ लावून बसलो. सिंधु शेजारी येऊन बसली. सतरा मिनिटांत गेलं. खाली कुठंतरी पाण्याचा आवाज येत होता, बराच वेळ.

सोबत पिशवी पाठवतोय. तीन ठिकाणची, हातभर खालची. पांढरी हाय. उघडताना जरा हळू उघडा.

मिळाली की लगेच लिहा.

तुमचा,
अण्णाराव